माईनचा कागद, कागजीपुऱ्याचा कागद

मिक्सरच्या भांड्यावरून मी अजून घरात बोलणी खातेय. चटणीच्या त्या भांड्यात मी बारावीचं फिजिक्सचं जर्नल घातलं होतं. आधी फाडून तुकडे केले, रात्रभर बादलीत भिजवले आणि सकाळी आई देवळात गेलेली बघून गर्रर्र फिरवले. मला कागद बनवायचा होता. लगदा झाला, जुन्या ओढणीवर थापला, गच्चीवर वाळत घातला. दोन दिवसांनी आजी वर आली, तिने एक उचलून पाहिला आणि विचारलं, "कशाचे पापड गं हे? वातड झालेत."

त्यावर पेनाने लिहून पाहिलं. शाई अशी पसरली की 'अ'चा अमिबा झाला.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं माईनने. माईन पाच वर्षांची आहे. सदा आजारी, चार पावलं चालली की धापा टाकते आणि तिला जगात एकच गोष्ट हवी असते, पुस्तक. ती खरी नाही. 'होनझुकी नो गेकोकुजो' या जपानी वेब कादंबरीची ती नायिका. इंग्रजीत ही मालिका 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' नावाने मिळते. तुमच्यातल्या ॲनिमेवाल्यांनी २०१९ साली आलेला पहिला सीझन पाहिलाही असेल. मीही आधी ॲनिमे पाहिला, मग कादंबरी वाचली, मग मिक्सर काढला आणि सगळ्यात शेवटी गेले कागजीपुऱ्याला. खरं तर तिथे सगळ्यात आधी जायला हवं होतं, कारण मी दौलताबादची आणि कागजीपुरा आमच्या घरून घाट चढून गेलं की लागतो.

ही कादंबरी भारी आहे का? आहे. फसलीय का? काही ठिकाणी चांगलीच. पण ती नेमकी कुठे जमली आणि कुठे फसली हे मला कळलं ते कागजीपुऱ्यात. तेच सांगते. थोडे स्पॉयलर येतील, आधीच सांगून ठेवते.

ट्रकवाली गोष्ट

'इसेकाई' या जपानी शब्दाचा सरळ अर्थ वेगळं जग. फॉर्म्युला आता आपल्याला पाठ आहे. हीरो तुमच्या-माझ्यासारखा सामान्य पोरगा. रस्ता ओलांडताना ट्रकखाली येतो आणि डोळे उघडतो ते राजे, जादू आणि ड्रॅगन असलेल्या जगात. इथे बिचाऱ्याला कुणी विचारत नव्हतं, तिथे तो सगळ्यांचा बाप. परीक्षा नाही, ॲटेंडन्स नाही, प्लेसमेंटचं टेन्शन नाही. हे वाचायला का आवडतं हे वेगळं सांगायला नकोच.

या गोष्टी बहुतेक करून येतात त्या 'शोसेत्सुका नि नारो' या जपानी साइटवरून. नावाचा अर्थ साधारण 'चला, लेखक होऊ या'. २००४ साली ती सुरू झाली. कुणीही यावं, लिहावं आणि कुणीही फुकट वाचावं. 'मुशोकु तेन्सेई', 'री:झीरो', स्लाइमवाली ती मालिका, सगळ्या आधी इथेच आल्या. इसेकाईचा तिथे इतका पूर आला की २०१६ मध्ये इसेकाईची क्रमवारी वेगळी काढावी लागली.

आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यात क्रमशः आली. वाचक पुढच्या अंकाची वाट बघतोय आणि लेखक अजून लिहितोच आहे. वेब कादंबरीचं तंत्र तेच, फक्त छापखाना खिशात आलाय.

काझुकी मिया या लेखिकेने सप्टेंबर २०१३ मध्ये माईनची गोष्ट नारोवर टाकायला घेतली आणि मार्च २०१७ मध्ये ६७७ प्रकरणांवर संपवली. पुढे तिची छापील मालिका झाली, ३३ खंडांची. शेवटचा खंड आला २०२३ च्या डिसेंबरात.

पुस्तक नाही? मग बनवू!

उरानो ही पुस्तकांत बुडालेली तरुणी. ग्रंथपाल व्हायच्या अगदी उंबरठ्यावर. भूकंप होतो, पुस्तकांचा ढीग अंगावर कोसळतो आणि ती मरते. इथे ट्रकसुद्धा नाही बघा, पुस्तकांनीच घात केला. ती डोळे उघडते ते एरेनफेस्ट नावाच्या शहरात, माईन नावाच्या पाच वर्षांच्या मुलीच्या अंगात. वडील गुंटर वेशीवर पहारा देणारे शिपाई, आई एफा कापड रंगवण्याच्या कामाला जाणारी, मोठी बहीण टुली. घर गरीब. घरात एकही पुस्तक नाही, शेजारीपाजारी नाही, गल्लीत वाचता येणारं माणूस नाही. पुस्तक म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेली, बड्या लोकांना परवडणारी चीज.

मग ही पोरगी ठरवते, विकत मिळत नाही ना, मग मी बनवीन.

आणि इथून पुढे ही कादंबरी बाकीच्या इसेकाईपासून फारकत घेते, कारण माईन सारखी हरते. आधी ती इजिप्तच्या पपायरससारखं गवत विणून पाहते. बोटं दुखतात, तळहाताएवढा तुकडाही धड होत नाही. मग मातीच्या पाट्या करते. पोरं त्या तुडवून जातात. पुन्हा करते, भाजायला ठेवते, तर त्या फुटतात. मग लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिते. आई त्या सरपण समजून चुलीत घालते. आईचं काय चुकलं? घरात थंडी आहे आणि लाकूड जळतं, एवढं तिला माहीत आहे.

हे वाचताना मी हसले होते. जर्नलचे पापड झाल्यावर हसू गेलं.

शेवटी कागद होतो, पण तो माईन एकटी करत नाही, तिला करताच येत नाही. तिच्या डोक्यात सगळी कृती आहे : साल शिजवायची, नदीत धुवायची, काळा थर खरवडायचा, राखेच्या पाण्यात उकळायची, ठेचायची, साच्यावर उचलायची. पण तिच्या हातात लाकूड उचलायचं बळ नाही. ते काम करतो शेजारचा लुत्झ, सुताराच्या घरातला धाकटा पोरगा. साचा बनवायला कारागीर लागतो. भांडी, लाकूड, पैसा लागतो, त्यासाठी बेन्नो नावाचा व्यापारी लागतो. आणि बेन्नो काही संतमहात्मा नाही. तो करार करतो, टक्केवारी बोलतो, नफा कुणाचा आणि हक्क कुणाचा हे आधी ठरवून घेतो.

कादंबरीची सगळ्यात मोठी ताकद मला हीच वाटते. एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती करता येणं यात केवढं अंतर असतं, हे ती प्रकरणामागून प्रकरण दाखवत राहते. आपली पिढी व्हिडिओ बघून 'समजलं, सोपंय' म्हणणारी. त्यावर हा उतारा आहे.

घाट चढून

मिक्सर प्रकरणानंतर मैत्रिणीला म्हटलं, चल, खरा कागद बघू. स्कूटी काढली. घाट चढताना तो अरुंद दिल्ली दरवाजा लागतो, नेहमीप्रमाणे तिथे बस आणि ट्रक समोरासमोर आले की बाकीच्यांनी वाट बघायची. मैत्रीण म्हणाली, "इथे ट्रकखाली आलो तर कुठल्या जगात जाऊ गं?" मी म्हटलं, "खुलताबादला." घाट संपला की खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा.

या गावाच्या नावातच कागद आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणायचं ठरवलं, तिचं नाव दौलताबाद केलं. दरबार आला, लष्कर आलं, सूफी आले आणि त्यांच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, असं सांगतात. दरबार म्हटला की फर्मानं, हिशेब, पत्रं, कागदाशिवाय चालायचं कसं? काही वर्षांत सुलतानाने बेत फिरवला, राजधानी परत गेली. पण आलेले सगळेच काही परत गेले नाहीत. जुनी मराठी कागदपत्रं अभ्यासणाऱ्यांना जुन्नरी कागद जसा माहीत असतो, तसा 'दौलताबादी कागद'ही माहीत असतो.

मला त्या शेडमध्ये उभं असताना वाटलं, ही तर आपली इसेकाई आहे. ट्रक नाही, जादू नाही, सुलतानाचा हुकूम. शेकडो कोस चालत एका वेगळ्या मुलखात यायचं. वेगळी भाषा, वेगळं पाणी, वेगळी हवा. बरोबर फक्त हातातलं कसब. आणि ते कसबही इथल्या पाण्याशी, इथल्या चिंध्यांशी पुन्हा जुळवून घ्यायचं. फरक इतकाच की या गोष्टीत नायकाचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच काम उरलंय. सुती चिंध्या बारीक करून यंत्रात पाण्याबरोबर कुटतात. तो लगदा हौदात. साचा हौदात तिरका घालायचा, आडवा करून उचलायचा, पाणी निथळत असतानाच एक हलकासा झोका द्यायचा की लगदा सगळीकडे सारखा बसतो. मग ओला कागद कापडावर उलटा करायचा, थर लावायचे, दाबून पाणी काढायचं, वाळवायचं. शेवटी घोटाई.

मी साचा उचलून पाहिला. माझा कागद एका कडेला भाकरीएवढा जाड आणि दुसऱ्या कडेला भोक. तिथल्या काकांनी काही न बोलता साचा माझ्या हातातून घेतला, तो कागद परत हौदात सोडला आणि एका दमात नवा उचलला. एकसारखा. कागदाच्या धंद्यात एक बरं आहे, ओली चूक परत हौदात जाते.

माझे पापड का झाले तेही तिथे कळलं. मिक्सरचं पातं तंतू कापतं. कागदाला कापलेले तंतू नकोत, ठेचलेले हवेत. ठेचल्यावर त्यांना बारीक केसर सुटतात आणि ते एकमेकांत अडकतात, म्हणून कागद टिकतो. लुत्झ दांडक्याने साल बडवत बसतो ते काही वेळकाढूपणा म्हणून नव्हे! आणि शाई पसरली कारण मी खळ दिली नव्हती. जुन्या काळी कागदाला खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटून घोटून चकचकीत करायचे. तेव्हा कुठे बोरू त्यावरून सरसर धावायचा आणि मोडीची ती न उचलता लिहिलेली ओळ साधायची. माझ्या पापडावर मोडी लिहायची म्हणजे बोरूच मोडला असता.

आणखी एक गोष्ट. माईनला कागद झाल्यावरही शाईशी झगडावं लागतं. कातड्यावरची शाई तिच्या कागदाला चालत नाही, काजळीची वेगळी शाई करावी लागते. वाचताना मला ते रटाळ वाटलं होतं. आता वाटतं, लेखिकेचा अभ्यास पक्का आहे. कागद, शाई आणि लेखणी यांचं एकमेकांशी जमावं लागतं.

जी मुलगी गेली, तिचं काय?

कादंबरीची दुसरी ताकद म्हणजे एक प्रश्न. इसेकाईत हीरो कुणाच्या तरी शरीरात जन्म घेतो किंवा घुसतो आणि मजेत राहतो. त्या शरीराचा आधीचा मालक कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. इथे लुत्झ विचारतो. बरोबर खेळणारी माईन अशी नव्हती, तिला हे सगळं येत नव्हतं, हे त्याच्या लक्षात येतं. तो तिला तोंडावर सांगतो, तू माईन नाहीस, माझी माईन परत दे.

तिच्याकडे उत्तर नाही. खरी माईन तापात गेली, एवढंच ती सांगू शकते. एका पोराने आपल्या हरवलेल्या मैत्रिणीचा हिशेब मागणं आणि समोरचीलाही सोडता न येणं, हा प्रसंग मी बसमध्ये वाचला आणि माझा स्टॉप पुढे गेला.

तिसरी ताकद घरातली माणसं. मुलीच्या तापाने हवालदिल होणारा गुंटर, शिवणकामात हुशार टुली. त्यांना या मुलीचं पुस्तकवेड कळत नाही, तरी ती त्यांची आहे. पुढे माईनला मोठ्या घराण्यात दत्तक जावं लागतं आणि आईवडिलांना चारचौघांत आईबाबा म्हणायचीही मुभा राहत नाही. तिथे ड्रॅगनची गरजच पडत नाही.

आता फसलेलं

आधी किरकोळ तक्रारी. ६७७ प्रकरणं म्हणजे खायचं काम नाही. क्रमशः लिखाणाचा जुना रोग इथेही आहे. एकच प्रसंग तीन जणांच्या नजरेतून येतो, शाम्पूपासून केकपर्यंत प्रत्येक वस्तूवर 'अरे वा, हे काय नवीन!' असे उद्गार येत राहतात. चौथ्या भागापासून सरदारांची नावं, घराणी, देवता आणि रिवाज इतके वाढतात की मी वहीत वंशावळ काढून ठेवली होती. माईन आजारी पडते, शुद्धीवर येते, काहीतरी करते, पुन्हा आजारी पडते. पहिले तीन खंड जो थांबेल तोच पुढे टिकेल, हे खरं. पण वाचकाची परीक्षा घ्यायलाही काही मर्यादा असते.

आता जरा गंभीर. माईनच्या लहानशा शरीरात मोठ्या बाईचं मन आहे, आणि कादंबरी त्याचा उपयोग सोयीने करते. व्यवहार करताना ती मोठी, लाड करून घेताना लहान. पुढे सरदारांच्या राजकारणात लहान मुलांच्या सोयरिकी ठरतात, तिचीही ठरते आणि गोष्ट तो 'तिथला रिवाज' म्हणून पुढे सरकते. मराठवाड्यात राहून आपण बालविवाहाच्या बातम्या अजून वाचतो. आपल्याला हे खटकायला हवं. काल्पनिक जग आहे म्हणून सूट मिळते, पण रिवाज कुणाच्या फायद्याचा हे विचारायला कादंबरीला कुणी अडवलेलं नव्हतं.

आणि हो, माईनला पुस्तकांचं वेड आहे, पण ती वाचते काय? वाचून तिचं मन कुठे बदललं? असे प्रसंग फार क्वचित येतात. पुस्तकाचा वास, पुस्तकाची संख्या, ग्रंथालयात जायची परवानगी यावर पानंच्या पानं आहेत. आमच्या देवगिरीच्या गडावरही एक पुस्तकवेडा पोरगा होता. पैठणहून तो गुरूच्या शोधात इथे आला, किल्ल्यावरच्या जनार्दनस्वामींकडे राहिला. हिशेबातली एक पै जुळेना म्हणून रात्रभर दिव्याशी बसून त्याने ती शोधली, अशी आख्यायिका आपण शाळेत ऐकलेली असते. त्याच नाथांनी पुढे, शके १५०६ मध्ये म्हणजे १५८४ साली, नकलांमध्ये शिरलेल्या चुका काढून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पै शोधणारी नजर ओवीपर्यंत पोचली. पुस्तकावर प्रेम म्हणजे काय, याचं हे एक टोक आहे. माईनचं प्रेम अजून पुस्तक मिळवण्यापाशीच घुटमळतं.

शिडी तिथेच राहते

सगळ्यात मोठी तक्रार कादंबरीच्या नावापासूनच सुरू होते. 'गेकोकुजो' हा जपानी इतिहासातला शब्द. खालच्याने वरच्याला उलथवून जागा घ्यायची, असा त्याचा अर्थ. नावात एवढा स्फोटक शब्द, तर मला वाटलं, कागद स्वस्त होणार, गल्लीतली पोरं वाचायला लागणार आणि सरदारांना घाम फुटणार.

तसं होता होता राहतं. देवळाच्या अनाथाश्रमात उपाशी मुलं असतात. माईन आधी तिकडे बघायचंच टाळते, कारण तिला शांतपणे वाचायचं असतं. हे तिचं स्वार्थीपण लेखिका लपवत नाही, हा तिचा प्रामाणिकपणा. मग माईन पुढे होते, त्या मुलांना कागद करायला शिकवते, त्यावर त्यांचं पोट भरतं, आणि पत्त्यांच्या खेळातून, चित्रांच्या पुस्तकातून ती मुलं वाचायलाही शिकतात. हा भाग फार सुंदर आहे.

पण पुढे गोष्ट वर वर जाते आणि ही मुलं खाली राहतात. माईन शिपायाच्या मुलीची सरदारकन्या होते. शिडी मात्र जिथल्या तिथे उभी. तिचे खिळे जोहान नावाचा लोहार करतो, तिच्यासाठी तो कौतुकाने 'गुटेनबर्ग' होतो, पण जोहानच्या गल्लीतल्या पोरांनी ती पुस्तकं वाचून काय प्रश्न विचारले, हे कळत नाही. कातड्यावर लिहायचं सामान विकणाऱ्यांचं पोट नव्या कागदाने मारलं जाईल, हा प्रश्न लेखिकेने काढलाय खरा. पण करारमदार कातड्यावर आणि बाकीचं कागदावर, अशी वाटणी होऊन तो झटकन मिटतो. कागजीपुऱ्याला विचारा, तो इतका झटकन मिटतो का. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हातकागदाला कुणी अशी अर्धी बाजारपेठ वाटून दिली नाही.

एका माणसाने वर जाणं आणि वर जायची वाट सगळ्यांना मोकळी होणं यातला फरक आपल्या शहराला नीट माहीत आहे. शाळेत ज्यांना वेगळं बसवलं गेलं, त्या बाबासाहेबांनी पुस्तकांना जागा हवी म्हणून दादरला 'राजगृह' बांधलं. पुस्तकवेडात माईन त्यांच्यापुढे काहीच नाही. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. नागसेनवनात आलेल्या कितीतरी जणांच्या घरात ते पहिलं पुस्तक घेऊन गेले असतील. मला याला गेकोकुजो म्हणावंसं वाटतं. काझुकी मिया यांच्या हातात ही गोष्ट होती, अनाथाश्रमाच्या त्या प्रकरणांत तर अगदी हाताशी होती. ६७७ प्रकरणांत तिच्यासाठी जागा नव्हती असं म्हणवत नाही.

मग वाचायची का?

वाचा. निदान पहिला भाग, म्हणजे पहिले तीन खंड तरी वाचाच. मराठीत अजून हे मिळत नाही, इंग्रजी अनुवाद सोपा आहे, हळूहळू जमतो. पुढचे भाग आवडले तर पुढे जा, कंटाळा आला तर सोडा, कुणी गुण कापणार नाही. पण वाचताना दोन गोष्टी करा. जिथे माईन हरते तिथे थांबून विचार करा की हे आपल्याला आलं असतं का. आणि जिथे ती जिंकते तिथे, बाजूला कोण उभं होतं आणि त्याला काय मिळालं, ते बघा.

मी रोज एसटीने शहरात येते. कॉलेज सुटल्यावर दोन तास अभ्यासिकेत बसते. तिथे खुर्च्या आहेत, पंखे आहेत, वायफाय आहे, शंभरेक पोरं मान खाली घालून बसलेली असतात. पुस्तक मात्र अभ्यासिकेचं स्वतःचं एकही नाही. प्रत्येकाने आपापलं आणायचं, तेही परीक्षेचंच. माईन इथे आली असती तर दारातच रडली असती. मग डोळे पुसून म्हणाली असती, कपाट कुठे ठेवायचं?

गेल्या महिन्यात आम्ही पाच जणींनी तिथल्या कोपऱ्यात एक रिकामं खोकं ठेवलंय. वाचून झालेलं, परीक्षेचं नसलेलं एक पुस्तक त्यात टाकायचं आणि एक न्यायचं. आत्तापर्यंत अकरा जमलीत. कोण कुठलं नेतं हे लिहायला वही लागली, ती मी कागजीपुऱ्याच्या कागदाची शिवली. कागद जरा खरबरीत आहे, पण शाई पसरत नाही.

आईचं मिक्सरचं भांडंही नवीन आणून दिलंय. जुनं तिने मलाच दिलं. म्हणाली, "ठेव, पुढच्या वेळी लागेल."